गुन्ह्याची जात कोण लिहिणार?

डोळ्यांवर पट्टी नसलेली नवी न्यायदेवता २०२४ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं देशाला दाखवली. तलवार गेली, हातात संविधान आलं. पेपरात फोटो आले, वकिलांनी लेख लिहिले, टीव्हीवर काळे कोट चार दिवस बोलत राहिले. बाबासाहेबांचं पुस्तक तिच्या हातात गेलं, आम्हांला आनंदच आहे. पण दोस्तहो, आमचा सवाल पुतळ्याला नाही. आमचा सवाल खैरलांजीच्या निकालाला आहे, आणि निकालांवर अकलेचे तारे तोडणाऱ्या तमाम कायदेपंडितांना आहे.

मी गोंदियाकडचा. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, त्याआधी आमचा जिल्हा भंडाराच. खैरलांजी त्याच भंडाऱ्यात, मोहाडी तालुक्यात. मुंबईच्या गोदीत पोती उचलणारा मी मॅट्रिक पास माणूस. पण खैरलांजी म्हटलं की मला आपल्या शेजारच्या दाराचं नाव घेतल्यासारखं वाटतं.

काय झालं होतं ते पुन्हा सांगतो, कारण आता कॉलेजात असलेल्या पोरांना ते नीट ठाऊक नाही. भोतमांगे हे बौद्ध कुटुंब. त्यांच्या जवळच्या एका माणसाला सप्टेंबर २००६ मध्ये मारहाण झाली. सुरेखाबाई आणि त्यांची मुलगी प्रियंका यांनी मारणाऱ्यांची ओळख पटवली, पोलिसांसमोर नावं सांगितली. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव घरावर आला. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. चौघांना ठार केलं, प्रेतं कालव्यात टाकली. भय्यालाल तेवढे वाचले.

२००८ च्या सप्टेंबरात भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं. सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. लोक म्हणाले, न्याय झाला. अरे, कसला न्याय? ॲट्रॉसिटीचा कायदा लागलाच नाही! १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली, आणि ॲट्रॉसिटी तिथंही लागली नाही. कोर्टाच्या मते हा सूड होता. साक्ष दिली, म्हणून सूड. सुप्रीम कोर्टात अपील पडून असतानाच २० जानेवारी २०१७ ला भय्यालाल गेले.

फाशी योग्य की जन्मठेप योग्य, यावर विद्वानांनी रकाने भरले. माझ्या लेखी तो दुय्यम प्रश्न आहे. मला एवढंच विचारायचं आहे की सूड होता, तर तो कुणावर होता? गावातल्या पाटलाच्या बायकोनं तीच साक्ष दिली असती, तर जमाव तिच्या घरावर चालून गेला असता का? चार माणसं मारून कालव्यात टाकायची हिंमत झाली असती का? बौद्ध बाई ठाण्यात उभी राहून बोट दाखवते, हाच तर राग. तो राग जातीचा नाही, तर कशाचा आहे?

आता कायद्याचे शब्द बघा. १९८९ च्या कायद्यात, ज्या कलमानं मोठ्या गुन्ह्याला जन्मठेप होते, तिथं अट होती की गुन्हा जातीच्या कारणावरून झालेला पाहिजे. खुन्याच्या मनातलं कारण मेलेल्याच्या माणसांनी सिद्ध करायचं! २०१५ च्या दुरुस्तीनं ही अट बदलली आणि २६ जानेवारी २०१६ पासून नवा शब्द आला: जात ठाऊक असताना. आमच्या खेड्यात कुणाची जात कुणाला ठाऊक नसते? एवढा साधा शब्द घालायला सव्वीस वर्षं लागली. पण खैरलांजी जुन्या शब्दांत मोजली गेली. पुढं २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की जात हेच एकमेव कारण असलं पाहिजे असं नाही, इतर कारणांबरोबर जातही कारण असू शकते. हे आधी सुचलं असतं तर!

कायद्यावर लिहिणं फुकट जातं असं मी म्हणत नाही. गोंदियाहून वडशाला गाडी जाते. त्याच वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या, पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सेशन कोर्टानं पोलिसांना सोडलं, नागपूरच्या हायकोर्टानं शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं १९७८ ला पुन्हा सोडलं. १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला. लेखणीला रस्त्याची साथ मिळाली तर कोर्टही हलतं. पण ते पत्र इंग्रजीत होतं. आजही बडे निकाल इंग्रजीत, त्यांवरची टीका इंग्रजीत. ज्याच्यावर निकाल, त्याला तो वाचता येत नाही.

गोदीत पेटीवर जो मार्का पडतो, त्यावर पेटी कुठल्या शेडात जाणार ते ठरतं. मार्का चुकला की माल भलतीकडे. खटल्याचा मार्का पोलीस ठाण्यात पडतो. माझ्या काकाला बांधावरून जातीच्या शिव्या देऊन मारलं. आमच्याकडच्या एका ठाण्यात साहेबानं लिहिलं, ‘आपसातील किरकोळ भांडण’. काकू विचारत होती, "जातीचं लिवलं का गा बाबू?" लिहिलं नव्हतं. त्या कागदावर पुढं कुठला वकील काय बोलणार?

म्हणून पोरांनो, हे पाठ करा. ॲट्रॉसिटीची फिर्याद तोंडी दिली तरी ती लिहून घेतली पाहिजे, वाचून दाखवली पाहिजे, मगच सही. प्रत फुकट मिळते. ठाणेदार नाही म्हणाला तर पोस्टानं एस.पी.ला पाठवा. २०१८ पासून कलम १८-अ सांगतं की गुन्हा नोंदवायला आधी चौकशी लागत नाही. मुद्दाम कसूर करणाऱ्या सवर्ण सरकारी नोकराला कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. साक्षीदाराला संरक्षणाचा हक्क कलम १५-अ देतं. सुरेखाबाईंच्या वेळी हे कलम नव्हतं.

गावातली बाई ठाण्यात एकटी जाता कामा नये. शिकलेला एक जण तिच्यासोबत उभा राहिला पाहिजे, आणि सही होण्याआधी त्यानं कागद मोठ्यानं वाचला पाहिजे. साहेब डोळे वटारेल. वटारू द्या. कविता मी लिहितोच, पण यापुढं फिर्यादही लिहीन. तुम्हीही लिहा. गुन्ह्याची जात आपण पहिल्याच कागदावर लिहायला लावू, मग बघू कुठलं कोर्ट ती पुसतं!

जय भीम.