हाताने काढलेला संगणक

उद्याचा संगणक कसा दिसेल हे ज्यांनी काल ठरवले, त्यांच्या हाताशी बहुधा संगणक नव्हताच! स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हा चित्रपट १९६८ साली आला. त्यातल्या अवकाशयानात जिकडे पाहावे तिकडे पडदे, आणि पडद्यांवर आकडे, आलेख, रेखाकृती अखंड चाललेल्या. प्रत्यक्षात त्या काचांमागे प्रोजेक्टर दडवलेले होते आणि त्यांतून १६ मिलिमीटरची फिल्म फिरत होती. डग्लस ट्रम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावरच्या आकृत्या, रंगीत जिलेटिन आणि कॅमेरा एवढ्या भांडवलावर, चौकटीमागून चौकट टिपत, तो संगणक ‘चालवला’ होता.

१९८१ सालच्या ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’ची हकीकत तर याहून गमतीची. नायक रात्री ग्लायडरमधून मॅनहॅटनवर उतरतो, तेव्हा समोरच्या छोट्या पडद्यावर साऱ्या इमारती नुसत्या रेषांच्या दिसतात. संगणकाकडून हे करून घ्यावे तर खर्च परवडेना. मग आपली मुले दिवाळीत किल्ला मांडतात तसे त्या मंडळींनी छोट्या इमारतींचे शहरच मांडले, ते काळे रंगवले, कडांना चकाकणारी फीत चिकटवली आणि वरून कॅमेरा फिरवला. पाहणाऱ्याला ते थेट संगणकाचे गणित वाटले.

आता चक्र उलटे फिरले आहे. ज्याच्या घरी साधा संगणक आहे असा कुणीही हौशी कलावंत ते जुने ‘भविष्य’ पुन्हा उभे करू पाहतो. अक्षरे नि आकृत्या हलवण्याच्या या कलेला मोशन डिझाइन असे नाव आहे. यातली खरी अडचण म्हणजे आजच्या यंत्राची सफाई! जुन्या काचेच्या नळीवर अक्षर पुसले तरी त्याची फिकट छाया क्षणभर रेंगाळे. काच फुगीर असल्याने कडेच्या ओळी वाकत. हे सारे दोष आता मुद्दाम, हिशेबाने घालावे लागतात.

‘एलियन’ या १९७९ च्या चित्रपटावरून २०१४ साली ‘एलियन : आयसोलेशन’ हा खेळ निघाला. त्याच्या ब्रिटिश कर्त्यांनी दंडकच घालून घेतला, की चित्रपटाच्या त्या काळी जे करता आले नसते ते आपण दाखवायचे नाही. संगणकावर तयार केलेली चित्रे त्यांनी व्हीएचएस टेपवर उतरवली, जुन्या टीव्हीवर लावली, मागच्या तारा हलवून ती बिघडवली आणि तो बिघाड पुन्हा टिपून खेळात घातला. असली खटपट करणारी माणसे मला फार आवडतात.

मात्र नुसती काजळी फासून जुनेपणा येत नाही. पुष्कळ नकला बिघडतात त्या हालचालीच्या हौसेने. काही हलवायला पैसा लागत नाही म्हटल्यावर प्रत्येक अक्षर उडी मारते, प्रत्येक चौकट गिरकी घेते! हाताने काम करणाऱ्याला ही चैन नव्हती. चित्रपटाच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. एकेक चित्र दोनदा टिपले तरी १२ चित्रे काढावीच लागत. त्यामुळे जे हलले नाही तरी चालेल, ते तो हलवतच नसे.

‘२००१’ मधलाच एक प्रसंग पाहा. हॅल हा संगणक दीर्घ निद्रेतल्या तीन शास्त्रज्ञांचा जीव घेतो. रक्ताचा थेंब नाही, किंकाळी नाही. काचेखाली निजलेले चेहरे आणि पडद्यावर नागमोडी रेषा. त्या रेषा एकामागून एक सपाट होत जातात. ‘जीवनक्रिया धोक्यात’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे उघडझाप करतात, भोंगा वाजत राहतो. नंतर ‘जीवनक्रिया समाप्त’, आणि भोंगाही थांबतो. अक्षरे जागची तसूभर हललेली नसतात.