रॉक बँडला हवी एक शेड! नंदू भेंडे यांचा वारसा कागलच्या एमआयडीसीला काय सांगतो?

गिटार आज हप्त्यावर मिळते. ती वाजवायला मोबाइलवर फुकट शिकता येते. मिळत नाही ती सरावाची जागा. फ्लॅटमध्ये ड्रम वाजू लागला की थोड्याच वेळात दारावरची बेल वाजते. मराठी घरातून आलेले पहिल्या पिढीतले रॉक गायक नंदू भेंडे यांची कारकीर्द पाहिली, तर हा प्रश्न किती जुना आहे ते लक्षात येते. त्याचे एक उत्तर कागल पंचतारांकित एमआयडीसीत मिळू शकते.

कोण होते नंदू भेंडे?

आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नामवंत रंगकर्मी दांपत्याचे ते चिरंजीव. प्रसिद्ध इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल हे त्यांचे मामा. सत्तरच्या दशकात मुंबईत त्यांनी ‘वेल्व्हेट फॉग’ हा बँड उभा केला. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’सह त्या काळच्या इतर बँडसोबतही ते गायले. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा मुंबईत रंगमंचावर आणला. त्यातल्या ज्यूडासच्या भूमिकेने भेंडे यांचे नाव झाले.

मराठी प्रेक्षकांना ते चांगले ठाऊक झाले ते १९७८ च्या ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे. ब्रेख्तच्या नाटकाचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले हे रूपांतर पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. एकाच रंगमंचावर तमाशाचा बाज आणि भेंडे यांचे पाश्चात्त्य धाटणीचे गाणे असा तो मेळ होता. पुढे ऐंशीच्या दशकात ‘डिस्को दुनिया’मुळे त्यांचा आवाज हिंदी श्रोत्यांपर्यंत पोहोचला. ११ एप्रिल २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

बँडपेक्षा नाटकातून नाव का झाले?

कारण नाटकाकडे ते सगळे होते, जे बँडकडे नव्हते. तालमीची जागा होती, ठरलेले प्रयोग होते, तिकीट काढून येणारा प्रेक्षक होता. रॉक बँडला यातले काहीच हक्काचे नव्हते. १९७० आणि १९७१ ची ‘सिमला बीट’ ही गाजलेली बँड स्पर्धा भरवली ती सिगारेट कंपनीने, स्वतःच्या ब्रँडच्या जाहिरातीसाठी. त्या स्पर्धेच्या तबकड्या निघाल्या म्हणून तेव्हाच्या काही बँडचा आवाज तरी आज ऐकायला मिळतो.

‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची ‘ऑब्सेशन ७७’ ही तबकडी अनेक वर्षे संग्राहकांपुरतीच उरली होती. ती पुन्हा बाजारात आणली ती लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ या कंपनीने. मुंबईचा ठेवा जपायला अमेरिकेतली कंपनी पुढे यावी लागली. म्हणजे गुणवत्ता इथे होतीच, नव्हता तो आश्रय.

यात कारखान्यांचा काय संबंध?

इंग्लंडमधले बर्मिंगहॅम हे ओतकामाचे, पत्र्याचे आणि मोटारींच्या भागांचे शहर. तिथे टोनी आयोमी हा तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ मध्ये, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा वादक, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. भाजल्यामुळे दोन बोटे निकामी झालेला तो थोर गिटारवादक. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या बनवल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल सोडून वाजवू लागला. त्यातून आलेला जड, खर्जातला आवाज म्हणजे ‘ब्लॅक सबाथ’. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला आणि हेवी मेटलची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मानतात.

बर्मिंगहॅमने या कामगारांच्या पोरांना डोक्यावर घेतले. शहरातल्या एका पुलाला आज ‘ब्लॅक सबाथ’चे नाव आहे. ५ जुलै २०२५ रोजी बँडचा अखेरचा कार्यक्रम झाला, तोही ते जिथे वाढले त्या ॲस्टन भागातल्या मैदानावरच.

मग कागलच का?

पहिले कारण नियमांचे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. औद्योगिक क्षेत्रात ती ७५ आणि ७० आहे. जो आवाज राजारामपुरीतल्या बिल्डिंगमध्ये भांडण लावतो, तो फौंड्रीच्या शेजारी कुणाच्या कानावरही येणार नाही.

दुसरे कारण माणसांचे. बर्मिंगहॅमसारखीच इथेही फौंड्री आहे, मशीन शॉप आहे आणि शिफ्ट संपवून बाहेर पडणारा तरुण आहे. सुटी झाल्यावर त्याच्यासाठी चहाची टपरी आणि मोबाइल यापलीकडे काय आहे?

तिसरे कारण परंपरेचे. राजर्षी शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले. त्यांनी अल्लादियाँ खाँसाहेबांना कोल्हापुरात आश्रय दिला. १८८३ पासूनचा देवल क्लब आजही गाण्याची जागा म्हणून ओळखला जातो. कोल्हापूरचे ‘कलापूर’ झाले ते अशा आश्रयामुळे. तेव्हा राजाश्रय होता, आता ती जबाबदारी उद्योगांनी उचलायला हवी.

रॉक आपले नाही, त्याचे काय?

हार्मोनियमही युरोपातूनच आली आणि भजनात रुळली. भेंडे यांनी तमाशाच्या शेजारी रॉक उभा करून दाखवला, त्यालाही आता पाच दशके होत आली. शिवाय सरावाची खोली काही रॉकपुरती नसते. त्याच जागेत हलगीचा सराव होईल, ढोल-ताशा होईल, भजनी मंडळही बसेल.

सुरक्षेचा आक्षेप मात्र खरा आहे. चालू कारखान्यात बाहेरची पोरे नकोतच. पण वसाहतींमध्ये सार्वजनिक सुविधांसाठी भूखंड राखलेले असतात. तिथे एक शेड, आवाज रोखणाऱ्या भिंती, स्वतंत्र फाटक आणि तासाप्रमाणे माफक भाडे एवढे पुरे. एमआयडीसीने जागा द्यावी आणि उद्योजकांच्या संघटनांनी बांधकाम उचलावे. एखादा पूर्ण कारखाना उभारण्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

‘पंचतारांकित’ वसाहत म्हणजे रस्ते, पाणी, वीज अशा सुविधांनी सज्ज वसाहत. यंत्रांना जे लागते ते सगळे तिथे आले. यंत्र चालवणाऱ्याला काय लागते, याचा हिशेब मात्र बाकी आहे. नंदू भेंडे यांना नाटकवाल्यांचे घर मिळाले, म्हणून त्यांना रंगमंच सापडला. पत्र्याच्या शेडमध्ये आठ तास घालवणाऱ्या पोराला ते घर कुणी द्यायचे, हा प्रश्न आता कागलने सोडवायचा आहे.