घोड्याचा दगड

मी शिक्षक असताना एका गावी नदीच्या घाटावर एक मोठा दगड होता. बायका त्यावर धुणे धूत. पण सारे गाव त्याला ‘घोड्याचा दगड’ म्हणे. घोड्याचा का, हे कोणालाच सांगता येईना. एका उन्हाळ्यात घाटाची दुरुस्ती निघाली. गड्यांनी पहारी लावून तो दगड उलथला, तो काय आश्चर्य! मातीकडच्या अंगाला तलवार उपसलेला घोडेस्वार कोरलेला होता. मूळ गोष्ट गाव विसरले होते. नावाने मात्र ती धरून ठेवली होती.

तो दगड म्हणजे वीरगळ. कानडीत ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीराचा कल्लु तो वीरगळ. गावच्या गाई सोडविताना किंवा रणांगणावर जो पडे, त्याच्या स्मरणार्थ असा दगड उभारीत. तो खालून वर वाचावा लागतो. तळाशी लढाई किंवा पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. इ. स. १२६५ च्या सुमारास यादव राजा महादेव आणि शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात झालेल्या युद्धाचे ते चित्र असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

वीरगळावर अक्षरे बहुधा नसतात. त्यामुळे लोक त्याला कोठे वेताळ म्हणतात, कोठे म्हसोबा. हे अज्ञान आहे, ही नावे टाकून द्यावीत, असे म्हणणारे सुशिक्षित मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. लोकांनी देव मानला म्हणूनच कित्येक दगड घरांच्या पायात जाण्यापासून वाचले. हेही खरे, की शेंदराच्या पुटांखाली आणि हल्ली तैलरंगाखाली त्यांचे कोरीवकाम बुजत चालले आहे. हात जोडावेत, पण रंग लावू नये.

असे दगड शहरातील संग्रहालयात न्यावेत, असे काहीजण सुचवितात. उकिरड्यात पडलेला दगड अवश्य न्यावा. परंतु ज्याला गाव अद्याप नावाने ओळखते, तो जागचा हलवू नये, असे माझे मत आहे. संग्रहालयात त्याला क्रमांक मिळेल. त्याच्याविषयी आजी जे सांगते, ते मात्र गावातच राहील आणि तिच्यामागे कोणी सांगणार नाही. ते तुम्ही आताच वहीत उतरून घ्या. आजीची हकिकत चुकीची वाटली तरी तिच्याच शब्दांत लिहा. ‘घोड्याचा दगड’ हेही आम्हांला चुकीचेच वाटत होते!

तो दगड पुढे गावकऱ्यांनी पारावर उभा केला. मी तेथील मुलांना ‘वीरगळ’ हा शब्द शिकविला. मुलांनी तो वहीत लिहून घेतला. पण पारावर खेळायला जाताना ती ‘घोड्याच्या दगडापाशी’च जात.