आठ मिलिमीटरचे भोक

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाने हातात हत्यार धरू नये, असे आमच्या घरात सर्वांचेच मत आहे. ते चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. तरीही यंदा दिवाळीच्या आधी मी ड्रिलची चार बिटे विकत आणली, आणि त्याला कारण झाली आमची आई.

आई ब्याऐंशी वर्षांची. संधिवाताने बोटे आखडलेली. श्रावणातल्या एका संध्याकाळी तिने खोलीची कडी आतून लावली, आणि ती तिला काढता येईना. आम्ही बाहेर, ती आत. पाऊण तासाने चमच्याच्या दांड्याने ठोकून ठोकून तिने ती सरकवली. बाहेर आली ती रडत नव्हती; पण त्या रात्री जेवली नाही. ‘आई, दार नुसतं लोटून घेत जा ना,’ असे हिने म्हणताच ती उसळून म्हणाली, ‘मी काय इस्पितळात आहे?’

तेव्हा कडी काढून, खाली दाबायची लांब मूठ बसवायचे ठरले. ती कोपरानेही दाबता येते. मुठीबरोबर दाराच्या कडेत शिरणारी खटक्याची गोल नळी आली आणि दोन्हीकडच्या मुठी जोडणारा चौकोनी गज आला. गजाची बाजू आठ मिलिमीटर. मी दुकानात जाऊन ऐटीत आठाचे बिट मागितले. भोक पडले, गज जाईना!

शेवटी शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या सुतारमामांना बोलावले. ‘सर, चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजायचा,’ ते म्हणाले. आठाच्या चौरसाचा कर्ण ११.३! शाळेत पायथागोरसचा सिद्धांत घोकलेला मी खाली मान घालून उभा राहिलो. मामांनी सोळाचे चपट्या पात्याचे बिट आणायला लावले. गज नुसता जाऊन भागत नाही, मोकळा फिरावा लागतो. आणि मुठीची पट्टी तेवढे भोक झाकते. पण त्या पात्याच्या मधल्या अणीला रुतायला लाकूड हवे, आणि तेथे तर माझे भोक! मामांनी त्यात लाकडाची खुंटी ठोकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यांच्या पिशवीत एक जुने गिरमिटही होते. सुताराचे गिरमिट वेगळे. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचे गिरमिट होऊन ज्या करारावर माणसे फिजीला गेली ते वेगळे. आणि धारवाडकडे तर गिरमिट चक्क चुरमुऱ्यांचे करून खातात. हे मी मामांना सांगू लागलो. ‘सर, दार घट्ट धरा,’ ते म्हणाले.

अणी पलीकडे दिसताच त्यांनी यंत्र थांबवले आणि उरलेले भोक पलीकडून पाडले. एकाच बाजूने आरपार गेले तर लाकडाच्या कपच्या उडतात. नळीसाठी पंचवीसचे बिट. दार सागवानी, ३५ मिलिमीटर जाड. म्हणजे दोन्ही अंगांना पाच-पाचच उरतात. बिट तिरपे झाले की दार फुटलेच. मला बाजूला उभे करून ‘वर-खाली झालं तर सांगा’ एवढेच काम दिले. खोलीची खूण म्हणून बिटावर चिकटपट्टी गुंडाळली. स्क्रूंसाठी मात्र अडीचचे बारीक बिट. सागवानात आधी भोक न पाडता पितळी स्क्रू पिळला, तर त्याचे डोके तुटते. एक तुटले. ते माझ्या हातून, हे सांगायला नकोच.

वसुबारसेच्या रात्री आईने दार लावून घेतले. खट् झाले. थोड्या वेळाने पुन्हा खट्, पुन्हा खट्. हिने मला खुणेनेच गप्प बसायला सांगितले.

सकाळी आई म्हणाली, ‘मोरीच्या दाराचं काय?’ मी उत्साहाने पट्टी घेऊन गेलो. ते दार जेमतेम २८ मिलिमीटर जाड निघाले. त्यात पंचवीसचे भोक पाडले, तर दोन्ही अंगांना उरणार दीड-दीड. मामा म्हणाले, ‘तिथं वरून बसणारा खटका घ्या, सर.’ म्हणजे पुन्हा दुकान आले.