आसन कसे होते?

हेलिकॉप्टर कोसळले की आपल्याकडे चर्चा होते ती वैमानिक चुकला की यंत्र बिघडले, एवढीच. आतला माणूस कशावर बसला होता, त्याला कोणते पट्टे होते, हे कोणी विचारीत नाही. कळमनुरीसारख्या तालुक्यांतून ज्यांची मुले फौजेत गेली आहेत, त्या घरांनी तरी ते विचारायला हवे.

मुद्दा तसा अवघड नाही. गंजीवरून घसरलेला गडी कडब्यात पडला तर अंग झटकून उठतो; तोच दगडावर पडला तर कंबर मोडते. उंची तीच, फरक थांबायला मिळालेल्या अंतराचा. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १९५४ साली रॉकेटच्या गाडीवर स्वतःला घट्ट बांधून घेऊन वजनाच्या शेहेचाळीस पट धक्का सोसला. पण तो आडवा होता. हेलिकॉप्टर बहुधा खाली आपटते, आणि धक्का माकडहाडातून मणक्यात चढतो. तिथे माणूस फार कमी सोसतो. म्हणून सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी 'ब्लॅक हॉक'मध्ये आपटताच खाली सरकणारी आसने आली. धातू वाकतो, मणका वाचतो. चाकांचे पायही दबून धक्क्यातला आपला वाटा उचलतात. शिवाय खांद्यांवरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून पट्टे. तो मधला पट्टा नसला तर माणूस कमरेच्या पट्ट्याखालून घसरतो.

आपल्या चेतक आणि चीता यांचे मूळ फ्रेंच घराणे १९५०च्या दशकातले, म्हणजे या विचाराच्या आधीचे. २०१५ साली लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांना भेटून ही यंत्रे थांबवा, अशी मागणी केली. मग नुसती आसने का बदलू नयेत? आसन खाली सरकायला जागा लागते, आणि वजन वाढते. सियाचीनच्या विरळ हवेत चीता मोजकाच भार उचलतो. तिथे वाढलेला प्रत्येक किलो रॉकेलच्या डब्यातून कापला जातो. जुन्या घराला तळघर खणण्यासारखेच हे. खरा उपाय नवे यंत्र, आणि ते लांबत गेले.

आसनाकडून चमत्काराची अपेक्षा मात्र नको. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ ढगांत शिरलेले एमआय-१७ डोंगराला धडकले. जनरल बिपीन रावत यांच्यासह सगळे चौदा जण गेले. तसल्या आघातापुढे कुठलेही आसन थिटेच. याउलट २५ मे २०१७ रोजी निलंग्याला मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच तारांत अडकून कोसळले. उंची थोडी, सगळे वाचले. लष्करी नव्हते ते, पण आसन आणि पट्टे यांचा उपयोग होतो तो अशाच, वाचण्याजोग्या अपघातांत.

आम्ही बँकेत ट्रॅक्टरचे कर्ज देताना विम्याची पावती आधी मागत असू. हेलिकॉप्टर खरेदीच्या बातमीत मात्र वेग असतो, क्षेपणास्त्रे असतात, किंमत असते. जवान ज्या बाकावर भिंतीला पाठ लावून बसणार, तो किती वेगाची आपट सोसेल, हा आकडा नसतो.