चापूनचोपून म्हणजेच नीटनेटके का?

प्रिय विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त मंडळी,

यंदा जुलैमध्ये, पावसाची झड लागली होती त्या आठवड्यात, सातवीची एक मुलगी डायरी घेऊन माझ्या खोलीबाहेर उभी होती. वर्गशिक्षिकेचा शेरा होता, "केस अव्यवस्थित. तिसऱ्यांदा सूचना." मुलीचे केस दाट कुरळे. वेण्या घातलेल्या होत्या, रिबिनी होत्या, पण कपाळावर आणि कानांजवळ केस भुरभुरत होते. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. फार अदबीने तिने विचारले, "बाई, पार्लरमध्ये नेऊन केस सरळ करून आणू का? म्हणजे शेरे थांबतील."

त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. कारण "केसांना तेल लावून, चापूनचोपून दोन घट्ट वेण्या" हा नियम माझ्याच सहीने निघालेला आहे. माझे स्वतःचे केस सरळ. त्यामुळे हा नियम पाळायला कोणाला काय पडते, याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

या मुलीची सकाळ कशी जाते ते आईने सांगितले. साडेपाचला उठायचे, कोरडे केस बारीक फणीने ओढायचे, ते ऐकत नाहीत म्हणून पाणी मारायचे, वर तेल थापायचे आणि ओल्यातच घट्ट वेणी घालायची. घरातून निघताना केस चप्प बसलेले असतात. प्रार्थना संपेपर्यंत पुन्हा पिंजारतात. मुलगी रोज रडते. कानशिलाजवळचे केस तुटू लागले आहेत.

यात मुलीची चूक कुठे आहे? टाळूतून निघणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते. कुरळ्या केसाच्या वळणावळणाच्या वाटेवर ते मध्येच अडते. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडा, अशी त्याची अवस्था असते. असा केस हवेतला ओलावा चटकन घेतो, फुगतो आणि पिंजारतो. आपल्या इंदौरची हवा तर दोन टोकांची. मे महिन्यात लू सगळा ओलावा शोषून घेते आणि जुलैत हवाच ओली असते. त्यात घरी बोरिंगचे जड पाणी असेल तर केस आणखी राठ होतात.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सांगते. 1783 मध्ये सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने माणसाच्या केसाने हवेची आर्द्रता मोजणारे यंत्र जगापुढे मांडले. अगदी कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेल्यावर केस सुमारे दोन ते अडीच टक्के लांबतो, यावर ते चालते. मात्र त्यासाठी केसावरचे तेल त्याने आधी काढून टाकले होते. म्हणजे ज्या गुणासाठी प्रयोगशाळेत केसाला मान मिळाला, त्याच गुणासाठी आम्ही मुलीला शेरा दिला!

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे मी 'नमी' आणि 'चिकनाई' हे दोन वेगळे शब्द शिकले. आपण तेल लावले की ओलावा मिळाला असे समजतो. तसे नाही. ओलावा पाण्याचा; तेल फक्त त्याची ये-जा आवरते. आजीचे खोबरेल चुकीचे नव्हते. 2003 साली मुंबईत झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसातील प्रथिनांची झीज खोबरेलाने ठळकपणे कमी झाली. हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांचा होता, हेही सांगायला हवे.

पालकांनी काय करावे? न्हाण्याआधी काही तास थोडे खोबरेल लावावे. शांपू टाळूपुरता, कंडिशनर केसांच्या लांबीला. कंडिशनर असतानाच मोठ्या दातांच्या फणीने टोकाकडून वर गुंता सोडवावा. टॉवेलने खसाखसा पुसू नये. जुन्या सुती कापडाने टिपावे. पण अतिरेक इथेही नको. ओला केस ताणला की लवकर तुटतो, आणि पुन्हापुन्हा भिजून फुगणारा केस कमजोर होतो. तेव्हा रोज डोके भिजवणे, ओल्या केसांनी झोपणे, ओली घट्ट वेणी घालणे टाळावे. आणि केस सरळ करण्याच्या रसायनांपासून लेकरांना दूर ठेवावे. त्यांपैकी काहींतून फॉर्मलडिहाइड बाहेर पडते, जे कर्करोगकारक मानले जाते.

काही शिक्षिकांचे म्हणणे आहे की एकीला सूट दिली की उद्या सगळ्याच केस मोकळे सोडून येतील. त्यांची काळजी मी समजू शकते. चाळीस मुलींचा वर्ग सांभाळणे सोपे नाही. पण मी सूट मागत नाही, नियम नीट लिहू म्हणते. नियमाचा हेतू काय? उवा होऊ नयेत, प्रयोगशाळेत केस बर्नरवर येऊ नयेत, डोळ्यांवर येऊन अभ्यासात अडथळा होऊ नये. हे तिन्ही हेतू सैल वेणीने किंवा अंबाड्याने पूर्ण होतात. केस सपाट दिसावेत, हा त्यांत कुठेच बसत नाही. कुरळ्या केसांच्या मुलांनाही "कापून ये" एवढेच सांगणे पुरे नाही.

म्हणून विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की पुढच्या बैठकीत "तेल लावून, चापूनचोपून" हे शब्द वगळून "स्वच्छ, गुंता नसलेले आणि बांधलेले" असे शब्द घालावेत. तोपर्यंत कुरळ्या केसांबद्दल डायरीत शेरा लिहू नये, असे मी शिक्षकांना सांगितले आहे.

त्या आईला मी उत्तर दिले, "केस सरळ करू नका. नियम आम्ही सरळ करतो." दिलेला शब्द पाळायला आपण सर्वांनी मला मदत करावी.

आपली,
मुख्याध्यापिका