केसपेपर कोणाचा?

दवाखान्यात आपण किती गोष्टी निमूटपणे चालवून घेतो, नाही का! आत एकाच वेळी तीन पेशंट. एक टेबलावर झोपलेला, एक स्टुलावर बसलेला आणि तिसरा दाराशी ताटकळत उभा. डॉक्टर विचारणार, "पाळी कधी आली होती?" आणि त्या बिचारीने सगळ्यांदेखत उत्तर द्यायचं. बाहेर कंपाउंडर ओरडणार, "थुंकीचा रिपोर्ट कोणाचा आहे हो?" की सगळा बाकडा वळून बघणार. याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पण तोच पेशंट म्हणाला, "माझ्या केसपेपरची झेरॉक्स मिळेल का?" तर मात्र कपाळावर आठ्या!

म्हणजे माझं दुखणं साऱ्या गावाला फुकट, आणि मला स्वतःला मात्र ते बघायची चोरी.

आमच्याकडे हे घडलंय. ह्यांना पाच दिवस ॲडमिट केलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं म्हणून मी कागद मागितले, तर उत्तर मिळालं, "का? आमच्यावर विश्वास नाही?" तीन खेपा घातल्या, हाती फक्त डिस्चार्ज कार्ड आलं. आणि त्याच आठवड्यात भाजीच्या गाडीवर एक ओळखीच्या बाई मला विचारतात, "सरांचं क्रिएटिनिन वाढलंय म्हणे?" त्यांची भाची त्याच हॉस्पिटलात काउंटरवर बसते. मला संताप आला तो त्या मुलीचा नाही. तिला कोणी शिकवलंच नसेल की हे बाहेर बोलायचं नसतं.

खरं तर दोन्ही बाबतींत नियम स्पष्ट आहेत. मेडिकल कौन्सिलची २००२ ची नियमावली आहे. (२०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी आली होती, पण त्याच महिन्यात स्थगित झाली.) त्यात म्हटलंय की रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ७२ तासांच्या आत द्यायची. ॲडमिट झालेल्या पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ सालीच सांगितलं होतं की रुग्ण किंवा नातेवाईक केसपेपर मागत असतील तर गुप्ततेचं कारण पुढे करून ते नाकारता येणार नाहीत. आणि त्याच नियमावलीत हेही आहे की रुग्णाची गुपितं डॉक्टरांनी फोडायची नाहीत. अपवाद मोजके. कोर्टाचा आदेश, दुसऱ्या कोणाच्या जिवाला गंभीर धोका, किंवा सरकारला कळवायचा रोग. टीबी २०१२ पासून कळवावाच लागतो. पण तो आरोग्य खात्याला, बाकड्यावरच्या मंडळींना नव्हे!

शाळेत आम्ही प्रगतिपुस्तक मुलाच्याच हातात द्यायचो. त्यात मार्क आम्ही भरलेले, सही आमची, पण पुस्तक त्याचं. केसपेपरचं तसंच आहे. अक्षर डॉक्टरांचं, शरीर माझं.

डॉक्टरांची बाजू मला कळत नाही असं नाही. समोर साठ-सत्तर पेशंट, जागा दोन खोल्यांची. त्यात कागद मागितला की पुढे कोर्टकचेरी होईल ही धास्ती. पण एक पडदा लावायला आणि "एकेकाने आत या" म्हणायला काय लागतं? आणि मला वाटतं, कागद लपवले की संशय वाढतो, सरळ हातात दिले की निम्मी भांडणं होतच नाहीत. आमच्या लहानपणी फॅमिली डॉक्टरांना घरातलं सगळं ठाऊक असायचं. ते पोटात ठेवायचे, म्हणून तर लोक त्यांना सगळं सांगायचे. ज्या दवाखान्यात बोलायची लाज वाटते तिथे पेशंट अर्धंच सांगतो, आणि अर्ध्या माहितीवर औषध कसं लागू पडणार?

आता थोडं घरच्यांसाठी. दोष काही फक्त दवाखान्याचा नाही. म्हातारा माणूस समोर बसलेला असतो आणि डॉक्टर मुलाकडे बघून बोलतात. मुलगा डोळ्यांनी खुणावतो, "त्यांना नका सांगू." मग संध्याकाळपर्यंत रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर! पुण्याच्या मावशीपासून न्यू जर्सीच्या भाच्यापर्यंत सगळ्यांना कळतं, नाही कळत ते फक्त ज्याचं दुखणं त्याला. हे सगळं मायेपोटी होतं, ते मला माहीत आहे. पण मायेने केलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. वाईट बातमीसुद्धा माणसाची स्वतःची असते. त्याला काही आवरायचं असेल, कोणाशी बोलायचं असेल. तो वेळ आपण त्याच्याकडून काढून घेतो.

म्हणून आत्ताच सांगून ठेवते. माझा रिपोर्ट येईल तेव्हा तो आधी माझ्या हातात द्यायचा. चष्मा लावून मी वाचीन, नाही कळलं तर विचारीन. ग्रुपवर टाकायचा की नाही ते मी ठरवीन.

आणि तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कधी विचारलंत का, त्यांना काय आवडेल?